वाशिमच्या चौदा जागा

५ ऑक्टोबर २०२१ रोजी वाशिम जिल्हा परिषदेच्या १४ गटांत आणि जिल्ह्यातील पंचायत समित्यांच्या २७ गणांत पोटनिवडणूक झाली. पोटनिवडणूक म्हटले की कोणी सदस्य निवर्तला असेल, कोणी राजीनामा दिला असेल किंवा पक्षांतरामुळे अपात्र ठरला असेल, असे आपण गृहीत धरतो. येथे तसे काही घडले नव्हते. जानेवारी २०२० मध्ये रीतसर निवडून आलेल्या या सदस्यांचे स्थान ४ मार्च २०२१ रोजी दिल्लीत दिलेल्या एका निकालाने गेले. जिल्हा परिषदेचे सभागृह ५२ सदस्यांचे आहे. त्यातील चौथ्या हिश्श्याहून अधिक सदस्यांना मतदारांनी घालवले नव्हते, पक्षाने काढले नव्हते आणि त्यांच्यावर गैरवर्तनाचा ठपकाही नव्हता. इतर मागासवर्गासाठी राखीव असलेल्या जागांवर ते निवडून आले होते आणि ते आरक्षणच न्यायालयाने अवैध ठरवले, एवढेच त्यांच्या बाबतीत घडले.

‘विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो निकाल ओळखला जातो. याचिकेतील जिल्ह्यांत वाशिम होता. अकोला, नागपूर, भंडारा आणि गोंदिया हेही होते. निकालाचा परिणाम धुळे, नंदुरबार आणि पालघरपर्यंत पोहोचला. सहा जिल्ह्यांत मिळून जिल्हा परिषदांच्या ८५ आणि पंचायत समित्यांच्या १४४ जागा रिकाम्या झाल्या. पुढची चार-पाच वर्षे महाराष्ट्रातील स्थानिक राजकारण याच निकालाभोवती फिरत राहिले.

विधिमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ या तीन सत्ता एकमेकींना कशा आवरतात, हे आमच्या पिढीने शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकले. तेथे नेहमीचे उदाहरण अमेरिकेचे असे, आणि ते वाचताना ही गोष्ट फार दूरची, फार मोठ्या माणसांची वाटे. आम्हांस असे वाटते की तीच गोष्ट वाशिमच्या १४ जागांवरून अधिक नीट सांगता येते. मात्र त्यासाठी आधी अमेरिकेची मूळ मांडणी थोडक्यात समोर ठेवायला हवी, कारण दोन्हीकडच्या यंत्रणा जेथे अडल्या ते ठिकाण, आमच्या मते, एकच आहे.

१

१७८७ मध्ये फिलाडेल्फियात संविधान लिहिणाऱ्यांना राजाचे भय होते, तसे बहुमताचेही होते. म्हणून त्यांनी सत्तेचे तीन भाग केले आणि त्यांची मुळे वेगवेगळ्या मातीत रोवली. प्रतिनिधिगृहाचा सदस्य दोन वर्षांसाठी निवडला जातो, सेनेटचा सदस्य सहा वर्षांसाठी, राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी, आणि संघीय न्यायाधीश एकदा नेमला गेला की वर्तन चांगले असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात आजन्म. राष्ट्राध्यक्षाला प्रतिनिधिगृहात बहुमत असण्याची गरज नाही. त्याच्या मंत्र्यांना काँग्रेसचे सदस्य राहताच येत नाही. काँग्रेसने केलेला कायदा राष्ट्राध्यक्ष परत पाठवू शकतो, आणि दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केला तर राष्ट्राध्यक्षाचा नकार निष्फळ ठरतो. न्यायाधीश राष्ट्राध्यक्षाने नेमायचा, पण सेनेटने संमती द्यायची. कायदा संविधानाशी विसंगत असेल तर तो रद्द करण्याचा न्यायालयाचा अधिकार संविधानात शब्दशः लिहिलेला नाही. १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात न्यायालयाने तो स्वतःकडे घेतला आणि पुढे तो रूढ झाला.

या मांडणीमागची कल्पना अशी की, प्रत्येक पदावरील माणूस आपल्या पदाचा अधिकार राखण्यासाठी इतरांशी झगडेल आणि त्या झगड्यातून नागरिकाचे स्वातंत्र्य सुरक्षित राहील. माणसे सज्जन असतील असे तिने धरलेले नाही. उलट ती महत्त्वाकांक्षी असतील असेच धरले आहे. त्या संविधानात राजकीय पक्षाचा उल्लेख मात्र कोठेही नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या निवेदनात पक्षभावनेबद्दल स्पष्ट इशारा दिला होता. तो इशारा प्रसिद्ध होत असतानाच पक्ष उभे राहिले होते. १८०० च्या निवडणुकीत एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांना समान मते पडली, निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला, आणि पेच सुटेपर्यंत देशाचा जीव टांगणीला लागला. त्यावर उपाय म्हणून १८०४ मध्ये बारावी घटनादुरुस्ती झाली. म्हणजे संविधानाने ज्यांची दखल घेतली नव्हती, त्या पक्षांनी वीस वर्षांच्या आत संविधानालाच आपल्या सोयीने वाकायला लावले.

तेव्हापासून अमेरिकेत दोन यंत्रणा एकमेकींत गुंतून चालतात. एक संविधानाची, पदापदांत वैर लावणारी. दुसरी पक्षांची, त्याच पदांवरील माणसांना एका दोरीत ओवणारी. राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसचे बहुमत एकाच पक्षाचे असले की पहिली यंत्रणा सैल पडते, भिन्न पक्षांचे असले की ती आवळून बसते. तरीही तेथील पक्षाची पकड आपल्याकडच्यासारखी नाही. उमेदवार कोण, हे तेथे बहुधा प्राथमिक निवडणुकीत मतदार ठरवतात. तिकीट कापण्याचा धाक श्रेष्ठींच्या हाती फारसा नसतो, आणि पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून कोणाचे सदस्यत्व जात नाही.

२

आपल्या संविधानकर्त्यांनी ही मांडणी पाहिली, तोलली आणि जाणीवपूर्वक बाजूला ठेवली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभेपुढे मांडताना डॉ. आंबेडकरांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली होती. अमेरिकेत काही वर्षे घालवलेल्या, कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाचे ते विवेचन होते. त्यांचा मुद्दा असा की, अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक मिळते, संसदीय पद्धतीत उत्तरदायित्व अधिक. दोन्ही एकदम पूर्णपणे मिळत नाहीत. मसुद्याने उत्तरदायित्वाला झुकते माप दिले, कारण सरकारला दर पाच वर्षांनीच नव्हे तर रोजच्या रोज सभागृहात जाब देता आला पाहिजे.

या निवडीचा एक परिणाम असा की, आपल्याकडे विधिमंडळ आणि कार्यकारी मंडळ ही दोन घरे नाहीत. एकाच घरातील दोन खोल्या आहेत, आणि मधल्या दाराची किल्ली पक्षाकडे आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी तरतुदीने ती किल्ली आणखी घट्ट बसवली. १९८६ मध्ये महाराष्ट्राने स्थानिक संस्थांच्या सदस्यांसाठीही तशाच अनर्हतेचा कायदा केला. त्यामुळे मुंबईतल्या आमदाराप्रमाणे वाशिमच्या जिल्हा परिषद सदस्यावरही पक्षादेश चालतो. अशा रचनेत पहिल्या दोन सत्तांपासून खरोखर वेगळी उभी राहते ती एकच, न्यायालय.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. जिल्हा परिषद ही संस्था त्याहून जुनी: वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेल्या १९६१ च्या अधिनियमाने १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात ती सुरू झाली. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना संविधानाचा आधार मिळाला. दर पाच वर्षांनी निवडणूक, ती घेण्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, हे सारे बंधनकारक झाले. इतर मागासवर्गाबाबत मात्र संविधानाने स्वतः आकडा दिला नाही. राज्य विधिमंडळाला तशी तरतूद करण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये ती वापरली आणि कलम १२ च्या पोटकलमात २७ टक्के हा आकडा घातला. राज्यभर एकच आकडा. कोकणात २७, खानदेशात २७, वाशिममध्येही २७.

आता वाशिमचा हिशेब पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख. तीत अनुसूचित जाती १९ टक्क्यांच्या थोड्या वर आणि अनुसूचित जमाती ७ टक्क्यांच्या थोड्या खाली, मिळून सुमारे २६. त्यात २७ मिळवले की बेरीज ५३ च्या आसपास जाते. एकूण आरक्षण ५० टक्क्यांपुढे नको, ही मर्यादा न्यायालयाने घातलेली. ती वाशिममध्ये जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी ओलांडली जात होती. ५२ जागांच्या सभागृहात याचा अर्थ एक किंवा दोन जागा. मर्यादेत बसवण्याचाच प्रश्न असता तर या एक-दोन जागा सोडून भागले असते.

पण गेल्या चौदाच्या चौदा. त्याचे कारण ११ मे २०१० रोजीच्या के. कृष्णमूर्ती खटल्यात होते. पाच न्यायाधीशांच्या त्या पीठाने स्थानिक संस्थांतील मागासवर्गीय आरक्षण वैध मानले, पण त्याला शर्ती लावल्या. त्यांचीच पुढे ‘त्रिसूत्री चाचणी’ झाली. पहिली अट: राजकीय मागासलेपणाची स्थानिक संस्थानिहाय प्रत्यक्ष पाहणी करणारा समर्पित आयोग नेमा. दुसरी: त्याच्या शिफारशीनुसार प्रत्येक संस्थेसाठी किती जागा ते ठरवा. तिसरी: एकूण बेरीज ५० टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका. न्यायालयाने आरक्षण नाकारले नव्हते. आधी मोजा, मग द्या, असे सांगितले होते.

२०१० नंतर २०२१ उजाडेपर्यंत महाराष्ट्रात अशी मोजणी झाली नाही. या अकरा वर्षांत राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार होते, मग भाजप आणि शिवसेनेचे होते, मग शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांचे होते. म्हणजे राज्यातील चारही प्रमुख पक्ष या काळात कधी ना कधी सत्तेत होते. २०१९ मध्ये एक वटहुकूम निघाला. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही आणि तो व्यपगत झाला. वाशिमच्या २०२० च्या निवडणुका न्यायालयाच्या अंतिम निकालाच्या अधीन राहून झाल्या. त्या निवडणुकीत एकाही पक्षाला ५२ पैकी बहुमत मिळाले नाही. राष्ट्रवादी, काँग्रेस, वंचित, भाजप, शिवसेना आणि स्थानिक आघाडी अशी मते विभागली गेली. वर्षभराने निकाल आला तेव्हा त्याचा घाव एका पक्षावर पडला नाही, सर्वांवर पडला.

३

यापुढचा घटनाक्रम थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण तिन्ही सत्ता एकमेकींशी कशा वागतात ते त्यातच दिसते.

२८ मे २०२१ रोजी फेरविचार याचिका फेटाळली गेली. ५ जुलै २०२१ रोजी विधानसभेत ठराव आला: २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय पाहणीची आकडेवारी केंद्राने राज्याला द्यावी. ठरावावरून गदारोळ झाला आणि त्याच दिवशी भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. ते न्यायालयात गेले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिवेशनापलीकडचे ते निलंबन असंवैधानिक ठरवून रद्द केले. ज्या विषयावर सर्व पक्षांचे एकमत होते, त्याच विषयावरच्या चर्चेतून हा प्रसंग उद्भवला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आरक्षण हवे यावर वाद नव्हता. ते कोणामुळे गेले यावर होता. आकडेवारीची मागणीही फळली नाही. ती पाहणी सदोष असल्याचे केंद्राने सांगितले आणि १५ डिसेंबर २०२१ रोजी राज्याची याचिका फेटाळली गेली.

दरम्यान कार्यकारी मंडळाने आपले शस्त्र काढले. सप्टेंबर २०२१ मध्ये वटहुकूम तयार झाला: २७ टक्क्यांपर्यंत, पण ५० च्या मर्यादेत. राज्यपालांनी प्रथम शंका उपस्थित केली, मग स्वाक्षरी केली. वटहुकुमाने तिसरी अट पाळली. पहिल्या दोन राहिल्याच. ६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने त्यावर आधारलेल्या राखीव जागांची निवडणूक थांबवली आणि नंतर त्या जागा सर्वसाधारण म्हणून भरायला सांगितले. वाशिमसोबत मूळ याचिकेत असलेल्या भंडारा आणि गोंदिया या जिल्हा परिषदांना याचा फटका बसला. तेथे एकाच सभागृहाची निवडणूक दोन टप्प्यांत, डिसेंबरात आणि जानेवारीत झाली.

मग विधिमंडळ पुढे आले. मार्च २०२२ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून शासनाकडे घेतले. सरकार आणि विरोधी पक्ष एरव्ही एकमेकांचे तोंड पाहायला तयार नव्हते, त्या दिवसांतला हा एकमुखी कायदा. ज्या आयोगाला संविधानाने मुद्दाम सरकारपासून वेगळे ठेवले, त्याच्या हातातले काम कमी करताना सभागृहात विरोधाचा सूर निघाला नाही. हेतू उघड होता: निवडणुका लांबवायच्या आणि तेवढ्या वेळात आकडेवारी गोळा करायची.

ती गोळा करण्यासाठी माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली समर्पित आयोग नेमला गेला तो मार्च २०२२ मध्ये. काही महिन्यांत अहवाल तयार झाला. म्हणजे जे काम अकरा वर्षे झाले नव्हते, ते करायचे ठरवल्यावर एका उन्हाळ्यात झाले. कसे झाले हाही प्रश्न उरलाच: मतदारयाद्यांतील आडनावांवरून जात ओळखण्याच्या रीतीवर बरीच टीका झाली, कारण महाराष्ट्रात एकच आडनाव अनेक जातींत आढळते. राज्यातील इतर मागासवर्गाचे प्रमाण सुमारे ३७ टक्के असा जो निष्कर्ष निघाला, तो त्या वर्गाच्या अनेक नेत्यांना अमान्य होता. तरी २० जुलै २०२२ रोजी न्यायालयाने अहवालाच्या आधारे निवडणुका घेण्यास संमती दिली. तोवर राज्यात सरकार बदलले होते. नव्या सरकारने प्रभागरचना पुन्हा बदलली, नव्या याचिका आल्या, ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’चा आदेश झाला आणि सारे ठप्प झाले.

हे ठप्प होणे ६ मे २०२५ पर्यंत चालले. त्या दिवशी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या, असे सांगितले. पुढे मुदत वाढली. वाशिमच्या सभागृहाची पाच वर्षे जानेवारी २०२५ मध्येच भरली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडू नका, असे न्यायालयाने पुन्हा बजावले. २०२६ च्या आरंभी ज्या १२ जिल्हा परिषदांच्या निवडणुका जाहीर झाल्या, त्यांत वाशिम नव्हते. विदर्भातील एकही जिल्हा नव्हता. त्या एक-दोन जागांनी पुन्हा वाट अडवली.

४

या साऱ्यात दोष कोणाचा, हे ठरवण्यापूर्वी समुद्रापलीकडे पाहू. कारण असाच एक निकाल अमेरिकेत २०१३ मध्ये लागला होता.

१९६५ च्या मताधिकार कायद्याने, ज्या राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदानापासून रोखले जात होते तेथे निवडणुकीच्या नियमांत बदल करण्यापूर्वी केंद्राची पूर्वसंमती घेणे बंधनकारक केले होते. कोणती राज्ये, हे एका सूत्रावर ठरे, आणि ते सूत्र १९६० व ७० च्या दशकांतील आकड्यांवर आधारलेले होते. २००६ मध्ये काँग्रेसने या कायद्याची मुदत पंचवीस वर्षांनी वाढवली. सेनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य अशा मतांनी. इतके एकमत अमेरिकेत विरळाच. पण आकडे जुनेच राहिले. २०१३ मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते सूत्र रद्द केले. पूर्वसंमतीची कल्पना रद्द केली नाही. आजच्या परिस्थितीवर आधारलेले नवे सूत्र काँग्रेसने करावे, असे म्हटले. ते नवे सूत्र झाले नाही. त्यासाठीचे एक विधेयक ऑगस्ट २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात जेमतेम मंजूर झाले आणि सेनेटमध्ये अडकले. वाशिममध्ये पोटनिवडणुकीची तयारी चालली होती, तेच हे दिवस.

दोन्ही निकालांत फरक आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. शेल्बीच्या निकालात बहुमताचे पाचही न्यायाधीश रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते आणि अल्पमताचे चारही डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्षांनी. पक्षाची रेघ तेथे न्यायपीठाच्या मधून गेली होती. २०२१ च्या आपल्या निकालाबद्दल तसे म्हणता येत नाही. अमेरिकेत निकालानंतर काम अडले ते पक्षांच्या वैरामुळे; महाराष्ट्रात पक्षांचे उद्दिष्ट एकच होते, तरी अडले. पहिले समजायला सोपे आहे. दुसरे अधिक विचार करायला लावणारे आहे.

आमचे अनुमान असे: एकमत हे काही वेळा न केलेल्या कामावर उभे असते. २००६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सूत्र नवे करायला घेतले असते तर कोणते राज्य यादीत, कोणते बाहेर, यावर ९८ मते फुटली असती. महाराष्ट्रातही २७ हा आकडा सर्वांना मान्य होता तो सर्वत्र सारखा होता म्हणून. संस्थानिहाय मोजणीचा अर्थ असा की, कोठे २७ ठरतील, कोठे बारा, आणि जेथे अनुसूचित जमातींचेच प्रमाण ५० च्या पलीकडे आहे तेथे शून्य. ते शून्य कोणत्या जिल्ह्यात पडेल हे मोजणी करणाऱ्याला सांगावे लागले असते, आणि ते सांगण्याचा मोबदला पुढच्या निवडणुकीत द्यावा लागला असता. त्यापेक्षा एकमुखी ठराव, एकमुखी कायदा आणि परस्परांवर दोषारोप हे कोणत्याही पक्षाला परवडणारे होते.

न्यायालयाच्या मर्यादेचीही येथे नोंद घ्यायला हवी. न्यायालय रद्द करू शकते, थांबवू शकते, मुदत घालू शकते. ते स्वतः घरोघरी जाऊन माणसे मोजू शकत नाही. त्यासाठी कार्यकारी मंडळच लागते, आणि त्याला ते करायला लावणारे विधिमंडळ लागते. आपल्याकडे ही दोन्ही एकाच पक्षाच्या किंवा आघाडीच्या मुठीत असल्याने, ‘का मोजले नाही’ हे विचारणारा घरात कोणी उरत नाही. डॉ. आंबेडकरांनी अपेक्षिलेला रोजचा जाब येथे घेतला गेला नाही, कारण जाब विचारणारा विरोधी पक्षही काल सत्तेत होता आणि त्यानेही मोजले नव्हते.

५

अमेरिकेच्या संविधानाचे पहिलेच कलम मोजणीचा आदेश देते: दर दहा वर्षांनी प्रत्यक्ष गणना करा आणि तिच्यावरून प्रतिनिधी वाटा. १७९० पासून ती होत आली. म्हणून ती निर्मळ होती असे नाही. त्याच कलमात गुलाम माणसाची गणना तीन-पंचमांश करण्याची तडजोड होती: ज्याला मत नव्हते त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला जास्त प्रतिनिधी मिळत. यादवी युद्धानंतर ती गेली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक ज्या अमेरिकी जनतेला अर्पण केले, ती गुलामी मोडणारी जनता होती. पण त्या गुलामीचा हिशेब संविधानात कसा मांडला होता, हेही आपण विसरू नये. १९२० च्या गणनेत शहरी लोकसंख्या ग्रामीण लोकसंख्येपेक्षा अधिक निघाली, तेव्हा काँग्रेसने त्या गणनेवरून जागांची फेरवाटणीच केली नाही. पूर्ण दशक जुन्या वाटणीवर निघाले. कोणाची संख्या किती, हे कळणे सत्तेला नेहमीच अडचणीचे वाटत आले आहे, तेथेही आणि येथेही.

आपल्याकडे सर्व जातींची शेवटची जनगणना झाली ती १९३१ मध्ये, वाशिम जेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते तेव्हा. पुढच्या जनगणनेत जातींची नोंद होईल, असे केंद्र शासनाने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केले. ती नोंद झाल्यावर वाद मिटतील असे आम्ही म्हणत नाही, कदाचित वाढतील. परंतु तो वाद निदान आडनावांच्या यादीवरून होणार नाही.

राहता राहिले ते वाशिमचे १४ सदस्य. कायद्याप्रमाणे त्यांतील निम्म्या जागा स्त्रियांच्या. शाळेचे गळके छप्पर, प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिकामे पद, पाणंद रस्ता, पाणीपुरवठ्याची रखडलेली योजना, या कामांसाठी गावातील माणूस ज्याच्या दारात जातो तो सदस्य. त्यांची चूक शोधू गेल्यास सापडत नाही. राज्याने केलेल्या कायद्यावर विसंबून त्यांनी अर्ज भरला, मतदारांनी मत दिले, आणि न्यायालयाने त्या कायद्याचा पाया तपासला तेव्हा खाली पाया नव्हता. न्यायालयाने जे केले ते तत्त्वाला धरून होते असे आम्हांस वाटते. पण ज्यांनी पाया घालायचा होता त्यांपैकी कोणाचे पद त्या निकालाने गेले नाही. तिन्ही सत्तांच्या ओढाताणीची किंमत मोजली ती त्या तिघींच्या खाली असलेल्या घराने.

सत्ताविभाजनाचा धडा पुढच्या पिढीला शिकवताना वॉशिंग्टनच्या तीन इमारतींसोबत वाशिमच्या जिल्हा परिषदेचे सभागृहही दाखवावे, असे आम्हांस मनापासून वाटते. निवडलेल्या सभागृहाची मुदत संपली की तेथे प्रशासक बसतो. तो अधिकारी कदाचित कर्तव्यदक्ष असेल, फायली वेळेवर निकाली काढत असेल. पण रिसोडच्या किंवा मानोऱ्याच्या एखाद्या गावकऱ्याला त्याचे काम पटले नाही, तर पाच वर्षांनी त्याला मत नाकारण्याची सोय त्या गावकऱ्याकडे नाही. तीन सत्ता परस्परांपासून वेगळ्या ठेवायच्या त्या शेवटी या सोयीसाठीच.